गल्लीत चित्रांचं प्रदर्शन भरवायचं तर

आमच्या टोळीचा पहिला नियम, हॉल घ्यायचा नाही. हॉलमध्ये लोक दबकत फिरतात. गल्लीत थांबून विचारतात, "काय बनवून राहिले बे?" हेच तर पाहिजे.

रस्त्यावरच्या कलेचा नमुना शोधायला नागपूरकरानं लांब जायची गरज नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी-पिवळी मारबत (बाईच्या रूपातले मोठे पुतळे) मिरवत निघते, १८८० च्या दशकापासून, आणि सोबत महागाईपासून खड्ड्यांपर्यंत कशाचेही बडगे, म्हणजे टिंगल करणारे पुतळे. तर एक छोटा बडगा करा. विषय गल्लीतलाच, डास किंवा नळ. शेजाऱ्याचं नाव नको बाप्पा, भांडण होते.

कामट्यांचा सांगाडा सुतळीनं आवळा. खळीसाठी वाटीभर मैदा थंड पाण्यात गुठळ्या मोडेस्तोवर कालवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओता, चमक येईपर्यंत ढवळत राहा. सांगाड्यावर खळीनं डकवायचा पेपर कापू नका, फाडा. फाटलेली कड बेमालूम बसते. दोन थर झाले की वाळू द्या, नाहीतर आतून बुरशी धरते.

चेहरा पोरांनीच रंगवायचा. (ब्रश हिसकतात ते नेहमी काकालोकच.) चित्रं दोरीवर चिमट्यांनी टांगा, पोरांच्या नजरेच्या उंचीला.

रस्ता अडणार असेल तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या. मे महिन्याच्या नादी लागू नका, ४५ डिग्रीत कोण येते? डिसेंबरची संध्याकाळ बरी. तर्री-पोहेवाल्याला शेजारी उभं करा, अर्धी गर्दी तोच आणतो.

बडगा जाळायचा असेल तर ऑइल पेंट टाळा, मैदान मोकळं बघा, बादल्या भरून ठेवा.