पावसाळ्यात भाज्यांचे डबे गंजण्यापासून कसे जपावेत

गोव्यात मे महिना सरत आला की घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी टिकाऊ जिन्नस साठवून ठेवण्याची, लगबग सुरू होते. खारातले आंबे, आमसुले, सुके मासे यांच्याबरोबर आता मटार, मशरूम, मक्याचे दाणे यांचे पत्र्याचे डबेही फळीवर येतात. बरण्या कशा जपाव्यात हे आई-आजीकडून आपल्याला ठाऊक असते. डब्यांबद्दल मात्र कोणी काही सांगितलेले नसते.

डबा पोलादी पत्र्याचा असतो आणि त्यावर कथिलाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. बंद डब्यात प्राणवायू जवळजवळ नसल्याने तेथे कथिल स्वतः सावकाश झिजते आणि लोखंडाला वाचवते. बाहेरच्या अंगाला नेमके उलट घडते: ओलसर हवेत थरावर ओरखडा पडला की कथिल टिकते आणि उघडे पडलेले लोखंड गंजते. म्हणूनच खरेदी करतानाच डबा हातात फिरवून पाहावा. ओरखडे असलेला, आणि विशेषतः कडेच्या शिवणीवर चेपलेला डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

घरी आणल्यावर डबे ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडे करावेत. त्यावर बोटांचा घाम आणि किनाऱ्यालगतच्या गावांत वाऱ्याबरोबर येणारे खारट कण बसलेले असतात. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून पाझरू लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक दिवस त्याहून अधिक असते. स्वयंपाकघरातल्या भांड्यात मीठ ओले दिसू लागले, की डब्यांवरचे अदृश्य मीठही ओले झाले आहे असे समजावे.

डबे ठेवण्याची जागा बंद कपाटातली, भिंतीपासून चार बोटे दूर अशी असावी. सिंकखाली, जमिनीवर किंवा खारवलेल्या पदार्थांच्या बरण्यांशेजारी डबे ठेवू नयेत. फळीवर वर्तमानपत्र अंथरण्याची आपली सवय येथे घातक ठरते, कारण कागद ओल धरून ठेवतो. गेल्या पावसाळ्यात मी मशरूमचा एक डबा खाराच्या बरणीला टेकून ठेवला होता. ऑगस्टमध्ये उचलला तेव्हा कागद तळाला चिकटून आला, त्याखाली तांबूस कडे उमटले होते, आणि पुसल्यावर शिवणीजवळ सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसले. डबा फुगलेला नव्हता, वासही आला नव्हता. तरी तो टाकूनच द्यावा लागला.

दर पंधरवड्याला डबे उलटे करून तळ आणि शिवण पाहावी. फडक्याने पुसून निघणारा वरवरचा गंज असेल तर डबा कोरडा करून लवकर वापरावा. नखाला खड्डा लागत असेल, पापुद्रे सुटत असतील किंवा गंज शिवणीत शिरला असेल तर तो वापरू नये. फुगलेला, झिरपणारा किंवा उघडताना रस उसळणारा डबा चवीपुरताही चाखू नये. मटार, मका, मशरूम यांसारख्या कमी आंबट पदार्थांत बोट्युलिझमचे, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे, विष तयार होऊ शकते आणि ते वासावरून ओळखता येत नाही.

उघडल्यावर आत काळपट किंवा निळसर डाग दिसले, तर ते बहुधा भाजीतील गंधकाचा धातूशी संयोग होऊन पडलेले असतात. डबा अन्यथा सुस्थितीत असेल तर त्या डागांचे भय बाळगण्याचे कारण नाही. खरी घाई पुढची आहे: हवा आत शिरताच कथिल वेगाने विरघळू लागते, आणि टोमॅटोसारख्या आंबट पदार्थात तर फारच वेगाने. डबाबंद अन्नात कथिलाची मर्यादा किलोमागे २५० मिलिग्रॅम मानली जाते. त्याचे प्रमाण फार वाढले तर मळमळ, उलट्या आणि पोटात कळा येतात. म्हणून उरलेली भाजी डब्यासकट फ्रिजमध्ये न ठेवता काचेच्या भांड्यात काढावी.

रिकामा डबा धुऊन त्यात खारातले आंबे किंवा बिंबले भरण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवर्जून टाळावा. मीठ आणि आंबटपणा एकत्र आले की पातळ पत्रा त्यांच्यापुढे टिकत नाही. त्यासाठी चिनीमातीची बरणीच घ्यावी आणि तिच्या तोंडाला स्वच्छ, कोरडा दादरा बांधावा.