दोन पावसाळे उभी असलेली कॅम्पर व्हॅन पुन्हा चालती कशी करावी

टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मॅटाडोरमध्ये पलंग, ओटा, सिंक बसवून केलेल्या जुन्या कॅम्पर गोव्यात अधूनमधून विकायला निघतात. घेणारा आधी बॉनेट उघडतो, सेल्फ मारतो आणि इंजिन धडधडलं की खूश होतो. खरं तर जुनं डिझेल इंजिन बरा मेस्त्री चालू करून देतोच. गाडी भंगारात जाते ती पत्र्यामुळे. किनाऱ्याचा खारा वारा आणि वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस! म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: पाणी, गंज आणि मग इंजिन.

कागद आधी बघून घ्या. चासी नंबर आरसीशी जुळला पाहिजे, आतले बदल आरसीवर चढलेले असले पाहिजेत. खासगी गाडीची १५ वर्षं उलटली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का तेही पाहा. नंबरच गंजाने खाल्ला असेल तर ती गाडी सोडा.

पाणी कुठून येतं

छताचं आतलं पॅनेल आणि खालची मॅट काढा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळी धरायची. सुरुवात खालून करा आणि प्रत्येक पट्ट्यावर दहा मिनिटं पाणी सोडत वर सरका. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच ओघळ येतात आणि काहीच कळत नाही. आतल्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरून ठेवली की ओघळाची वाट स्पष्ट दिसते. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे पुढच्या काचेचं रबर, छतावरची खिडकी, कॅरिअरचे आणि सोलर पॅनेलचे बोल्ट. गाडी माडा-आंब्याखाली उभी असेल तर काचेखालची जाळीही साफ करा. तिथे पानं आणि मोहोर कुजून पाण्याची वाट बुजते आणि पाणी सरळ केबिनच्या फ्लोअरवर उतरतं.

सील करताना बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, त्याने पत्रा आणखी गंजतो; शिवाय त्यावर रंग धरत नाही. पॉलीयुरेथेन सीलंट घ्या. जुनं सीलंट खरवडून पूर्ण काढल्याशिवाय नवं लावू नका. छतावर डांबरी पट्टी चिकटवायचा सल्लाही सर्रास मिळतो. एप्रिलच्या उन्हात ती मऊ होऊन सरकते आणि खाली पाणी धरून ठेवते.

गंज

खरी परीक्षा इथे आहे. हे काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत करा, पावसात नाही.

जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि टोचत जा: चाकांच्या कमानी, दाराखालचा पट्टा, मागच्या दिव्यांखालचे कोपरे, सिंकखालचा फ्लोअर. फ्लोअरवरचं प्लायवूड उचलाच. ओलं प्लाय महिनोन्‌महिने पत्र्याला चिकटून राहतं आणि वरून सगळं छान दिसत असतं. टणक आवाज आला तर पत्रा ठीक. ठब्‌ वाजलं किंवा टोक आत गेलं तर तो भाग कापायचाच. चासीच्या लांब पट्ट्यांना भोक असेल किंवा कमानपाट्यांचे ब्रॅकेट जिथे बसतात ती जागा सडली असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: गाडी सुटे भाग काढण्यापुरतीच घ्या.

पुट्टी भरून, वर काळं रबर कोटिंग मारून ‘नवी’ केलेली गाडी ही शुद्ध फसवणूक आहे. कोटिंगखाली गंज थांबत नाही, उलट ओल आत कोंडली जाते. फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) वरवरच्या तांबूस गंजापुरतं ठीक. पापुद्रे सुटत असतील तिथे बाटली रिकामी करूनही उपयोग नाही.

कापताना चकचकीत पत्रा दिसेपर्यंत जा आणि त्यापुढे आणखी दोन-तीन सेंटिमीटर. ठिगळाला बाजूच्या भागांत १८ गेजचा, फ्लोअरला १६ गेजचा पत्रा. वेल्डिंग सीओटूचंच (वायूच्या आवरणात तारेने होणारं, म्हणजे मिग) करून घ्या; आर्क वेल्डिंग पातळ पत्र्याला जाळून भोकं पाडतं. एका दमात लांब रेघ ओढू देऊ नका, पत्रा वाकतो. दोन सेंटिमीटरचा टाका इथे, पुढचा पलीकडे, असं करत यायचं. गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर कडेचं जस्त आधी घासून काढा, त्याचा धूर विषारी असतो. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हींच्या वायरी सोडवा. आसपासचा फोम, पडदे बाहेर काढा, डिझेलच्या टाकीजवळ ठिणगी जाता कामा नये आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा.

यानंतरच्या चुकीने सगळी मेहनत वाया जाते. घासलेला उघडा पत्रा आपल्या हवेत रातोरात तांबूस होतो. म्हणून तो भाग गोड्या पाण्याने धुवून मीठ काढा, पूर्ण वाळवा, थिनरने पुसा आणि त्याच दिवशी दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर मारा. नुसतं रेड ऑक्साइड प्रायमर ओल आत घेतं. सांध्यांवर सीम सीलर (फटी बुजवणारी पेस्ट), मग रंग, सगळ्यात शेवटी पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं, फवारायचं मेण). दारांच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या तळाची पाणी निथळायची भोकं मात्र उघडीच ठेवा. पेंटर ती हमखास बुजवतात. काम संपलं की प्रत्येक भोकात तार घालून बघा.

बाकीचं

टाकीतलं जुनं डिझेल तळाच्या पाण्या-गाळासकट काढा, फिल्टर बदला, हातपंपाने डिझेलच्या लाइनमधली हवा काढा. सेल्फ मारण्याआधी पान्याने क्रँक हाताने एक फेरा फिरवून बघा. ऑइल, कूलंट, बेल्ट, होज नवे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, तेही पूर्ण बदला आणि जाम झालेले व्हील सिलिंडर खोलून बघा. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. सहा-सात वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही खोल असो, बदला.

आतल्या दिव्या-पंख्यांच्या प्रत्येक वायरीला बॅटरीजवळ फ्यूज हवा. गॅसची नळी ५ वर्षांच्या आतली आणि आयएसआय छापाची. जोड साबणाच्या पाण्याने तपासा, काडीने नाही. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो.

पहिली चाचणी फोंडा-मोलेपर्यंत. तापमानाचा काटा स्थिर राहिला तरच अनमोड घाट चढा. उतरताना खालच्या गियरमध्येच या, खाली आल्यावर थांबून चारही चाकांजवळ हात धरून बघा. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. ते चाक खोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.