पाय बधिर झाल्यावर : न्यूरोपथीसोबत रोजचं कसं निभवावं

नात चिंचोके घेऊन खेळत होती. त्यातला एक माझ्या बुटात गेला. मी बूट चढवले, बँकेत जाऊन पेन्शनचं काम उरकलं, येताना मंडईतून भाजी आणली. घरी मोजे काढले तर उजव्या मोज्याचा तळ लाल आणि ओला. चार तास चिंचोका पायाखाली रगडला जात होता आणि मला पत्ताच नव्हता. जखम रुपयाएवढी, पण भरायला अडीच महिने लागले.

गंमत म्हणजे आदल्याच रात्री याच पायांची आग होते म्हणून मी दीड वाजता उठून गार फरशीवर उभा होतो. एकच पाय आग आग करतो आणि चिंचोका मात्र त्याला कळत नाही, हे कसं? खराब झालेली नस दोन्ही चुका करते. काही झालेलं नसताना खोटी वर्दी देते आणि खरंच काही झालं की गप्प बसते. आपण सगळा जीव आणि सगळा पैसा त्या खोट्या वर्दीच्या मागे घालवतो. आग झोप घालवते, मान्य. पण पाय जातो तो बधिरपणामुळे. म्हणून या लेखात आगीपेक्षा बधिर पायाबद्दल जास्त लिहिलं आहे.

माझी न्यूरोपथी, म्हणजे नसांचा बिघाड, मधुमेहाची आहे. सर्वांत जास्त आढळणारी हीच. सुरुवात पायाच्या बोटांपासून होते, कारण शरीरातल्या सर्वांत लांब नसा तिथे पोचतात. मग ती मोजा चढवल्यासारखी वर सरकते, आणि गुडघ्याच्या आसपास आली की हाताच्या बोटांतही मुंग्या सुरू होतात.

आधी पायाला किती कळतं ते तपासा

मधुमेह असलेल्या अनेकांना न्यूरोपथी होऊनही काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून 'मला कुठे मुंग्या येतात' म्हणून सोडून देऊ नका. घरच्या घरी करण्याजोगी एक तपासणी आहे, ती इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावाने ओळखली जाते. तुम्ही आडवे पडून डोळे मिटायचे. घरातल्या कोणीतरी तर्जनीच्या टोकाने तुमच्या पायाच्या बोटांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलका स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. प्रत्येक पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा एकूण सहा जागा. स्पर्श कळला की 'डावा', 'उजवा' असं सांगायचं. दोन किंवा जास्त जागा हुकल्या तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं समजा आणि डॉक्टरांकडे जा. तिथे ते १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने आणि कंप पावणाऱ्या, चिमट्यासारख्या दिसणाऱ्या काट्याने (ट्यूनिंग फोर्क) हेच नीट तपासतील. वर्षातून एकदा ही तपासणी व्हायलाच हवी. आपल्याकडे रुग्ण बूट-मोजे काढत नाही आणि गर्दीत डॉक्टरांनाही सांगायचं राहून जातं. मी आता खुर्चीवर बसतानाच मोजे काढतो.

शुगर हेच कारण आहे असं धरून मात्र चालू नका. 'बी-१२' या व्हिटॅमिनची तपासणी करून घ्या. शाकाहारी माणूस, त्यात बरीच वर्षं मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी, म्हणजे बी-१२ कमी होण्याची दोन कारणं एकत्र आली. ही कमतरता वेळेत भरून काढली तर नसा बऱ्यापैकी सावरतात. थायरॉइड, मूत्रपिंड, दारू, कॅन्सरची काही औषधं, टीबीची गोळी, कुष्ठरोग यांनीही नसा खराब होतात. आणि नसांच्या नावाखाली दुकानातून आणलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या वर्षानुवर्षं मनानेच घेत राहू नका. त्यात 'बी-६' असतं आणि त्याची मात्रा फार झाली की त्यानेच नसा बिघडतात. कुठल्याशा बाबाने दिलेल्या, वर काहीच न लिहिलेल्या पुड्यांचंही तेच. शिसं आणि सोमल (आर्सेनिक) हे दोन्ही नसांचे वैरी आहेत आणि पुडीत काय आहे ते पुडी सांगत नाही.

रोज पाय बघा

पायाला कळत नाही ते डोळ्यांना कळू द्यायचं, एवढंच. वेळ ठरवून टाका. मी रात्री जेवण झाल्यावर, टीव्हीवरच्या बातम्या चालू असताना बघतो. तळवा दिसत नसेल तर दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरा. नजर कमी असेल, आणि मधुमेहात ती अनेकांची असते, तर घरच्यांना सांगा. लाजू नका.

काय बघायचं? बोटांच्या बेचक्यांत पांढरी, ओली कातडी आहे का. टाचेच्या भेगेत रक्त किंवा काळेपणा आहे का. फोड, लाल चट्टा, नखाच्या कडेला सूज आहे का. कुरूपाखाली काळसर डाग दिसला तर खाली जखम असू शकते. शेवटी हाताची पालथी बाजू दोन्ही पायांना लावून बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर तो कधीच दुर्लक्षित करू नका, का ते शेवटी सांगतो.

पाय साध्या पाण्याने धुवा, पण भिजत घालून बसू नका. बेचक्या कोरड्या पुसा. नसा खराब झाल्या की पायाला घाम कमी येतो, कातडी कोरडी पडते आणि भेगा पडतात. तेव्हा तळव्याला आणि टाचेला खोबरेल, व्हॅसलीन किंवा कोकमतेल लावा, बेचक्यांत मात्र लावू नका. कोकणात कोकमतेल गरम करून भेगेत सोडायची पद्धत आहे. बधिर पायावर हे अजिबात करू नका. तसंच बिब्बा. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी भेगेला बिब्बा लावला, टाचभर फोड आला आणि त्यांना तो दुसऱ्या दिवशी चादरीवरच्या डागामुळे कळला. कुरूपावर लावायच्या औषधी पट्ट्यांत आम्ल असतं, ते चांगली कातडीही खातं. ब्लेडने कुरूप तासणं तर नकोच नको.

नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. बायकांनी जोडवी सैल आहेत ना ते रोज बघावं. पाय सुजला की जोडवं रुततं आणि कळत नाही. सुजेच्या दिवसांत ते काढून ठेवावं, सासूबाई काहीही म्हणोत.

जमिनीवर झोपत असाल तर आणखी एक गोष्ट. ऐकायला विचित्र वाटेल, पण बधिर पायाची बोटं रात्री उंदीर कुरतडतात आणि माणसाला सकाळी कळतं. असे रुग्ण आपल्याकडे डॉक्टरांना माहीत आहेत. पाय धुऊन झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, जमलं तर खाट वापरा.

गरम वस्तू ओळखून ठेवा

भाजण्याच्या जागा घरात आणि रस्त्यावर ठरलेल्या असतात. आंघोळीचं पाणी पायाने बघू नका, कोपराने बघा. हातालाही मुंग्या येत असतील तर घरच्यांना बघायला सांगा. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, रुईच्या पानाचा शेक, थंडीत शेगडीजवळ पसरलेले पाय, हे सगळं बंद. स्कूटरवर मागे बसताना सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे ते बघून पाय ठेवा. बसमध्ये इंजिनाशेजारची जागा सोडा, तिथला पत्रा चांगलाच तापतो.

आणि देऊळ. दुपारी बाराला दगडी फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली की तळव्याला फोड येतात आणि बधिर माणूस शांतपणे सगळ्या प्रदक्षिणा पूर्ण करतो. दर्शनाला सकाळी लवकर जा. मी खिशात जाड सुती मोजे ठेवतो. आजवर एकाही पुजाऱ्याने मला अडवलेलं नाही. वारीला जायचं असेल तर अनवाणी चालण्याचा नवस बोलू नका. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, विठोबा चप्पल मोजत नाही.

चप्पल घरातही घाला

घरात अनवाणी वावरायची सवय मोडणं हे मला सर्वांत जड गेलं. घरासाठी वेगळा जोड ठेवला, मग जमलं.

चप्पल मागे पट्टा असलेली घ्या. बधिर पायातून साधी स्लीपर निसटून पडते आणि माणूस दहा पावलं तसाच पुढे जातो. अंगठा आणि बोटात धरायची चप्पल नको, तिचा पट्टा बेचकीत घासतो. कोल्हापुरी दिसायला कितीही सुंदर असली तरी तिचा तळ कडक आणि कडा घासणाऱ्या. लग्नाच्या फोटोपुरती घातली तर घातली, त्याहून जास्त नाही.

'एमसीआर'ची चप्पल बऱ्याच ठिकाणी मिळते. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, मऊ, बारीक छिद्रांचं. अशा चपला आपल्याकडे कुष्ठरोग्यांच्या पायांसाठी वापरात आल्या. तमिळनाडूत वेल्लोरला सर्जन डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून काम करत होते. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नाहीत म्हणून इजा होत राहते आणि त्यातून ती जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. मधुमेहाच्या बधिर पायाची गोष्ट तीच आहे. एमसीआर दबून दबून सपाट झालं की चप्पल बदला, वरून ती कितीही नवी दिसो.

बूट घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय सुजून जरा मोठा झालेला असतो. 'घट्ट आहे, पण सैल होईल' हे दुकानदाराचं म्हणणं आपल्यासाठी नाही. नवे बूट पहिल्या दिवशी तासभर घालून काढा आणि पाय बघा. आणि रोज, न चुकता, पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटका, आत हात फिरवा. चिंचोक्यानंतर मी हे एकदाही विसरलेलो नाही. मोजे सुती, फिक्या रंगाचे घ्या. पांढऱ्या मोज्यावर रक्त दिसतं, काळ्यावर नाही.

रात्रीची आग

साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ही आग फारशी जात नाही, आणि रोज घेतल्या तर त्या मूत्रपिंडावर उठतात. नसांच्या वेदनेसाठी प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं डॉक्टर देतात. यातली काही फिटची, काही नैराश्याची म्हणून ओळखली जातात. गोळीची माहिती मोबाइलवर वाचून 'मला वेड लागलंय का?' म्हणत घाबरू नका. थोड्या मात्रेपासून सुरुवात होते, गुण यायला काही आठवडे लागतात. प्रीगॅबालिनने झोप, चक्कर, पायाला सूज येऊ शकते. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते, तेव्हा तो त्रास डॉक्टरांना आधीच सांगा. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करू नका. आग पूर्ण जाईल ही अपेक्षाही सोडा. ती निम्म्यावर आली आणि झोप लागली, तर औषध लागू पडलं.

चादरीचा स्पर्शही सोसत नसेल तर पायथ्याशी उशी उभी ठेवून चादर तिच्यावर टाका, पायांना लागत नाही. गार पाण्याने पुसणं ठीक, बर्फ नको. तोही बधिर कातडीला इजा करतो. मिरचीतल्या तिखट द्रव्याचं, कॅप्सेसिनचं, मलम मिळतं. ते विचारून लावा, आणि लावल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. मी एकदा लावला आहे.

मुळाशी साखर आहे. गेलेली संवेदना साखर ताब्यात आणून परत येईलच असं नाही, पण पुढची घसरण मंदावते. एक विचित्र गोष्ट ठाऊक असू द्या. बरीच वर्षं वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली तर काहींची आग काही काळ उलट वाढते. म्हणून पंधरा दिवसांत शुगर नॉर्मल करण्याची शर्यत लावू नका, डॉक्टरांच्या गतीने चला.

तोल

डोळे मिटून उभं राहून बघा, भिंतीजवळ आणि कोणाला तरी शेजारी घेऊन. डोलायला होत असेल तर तुमचा तोल डोळ्यांच्या भरवशावर आहे. तोंडाला साबण लावून डोळे मिटल्यावर मोरीत माणसं पडतात ती यामुळेच. स्टूलवर बसून आंघोळ करा, भिंतीला दांडा बसवून घ्या, रात्री संडासाच्या वाटेवर छोटा दिवा जळता ठेवा. गाडीचा ब्रेक पायाखाली नीट कळत नसेल तर किल्ली मुलाकडे द्या. मला हे पचायला वर्ष लागलं.

पायाला जखम नसेल तर चालणं चांगलंच, योग्य बूट घालून. जखम असेल तर खुर्चीत बसून हातांचे व्यायाम.

अंथरुणातून एकदम उठू नका. आधी बसा, पाय हलवा, मग उभे राहा. रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही यात मंदावतात. तसंच साखर उतरल्यावर घाम, थरथर काहींना जाणवत नाही, आणि हृदयविकाराचा झटकाही छातीत न दुखता येऊ शकतो. अचानक दम लागला, घाम फुटला, तर 'दुखत तर नाही' म्हणून बसून राहू नका.

धावत कधी जायचं

न्यूरोपथी वर्षानुवर्षं हळू सरकते. काही दिवसांतच पायांची ताकद जाऊ लागली आणि ती वर चढू लागली, तर हा आपला नेहमीचा आजार नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात 'जीबीएस'चे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा झपाट्याने वाढणारा आजार) रुग्ण वाढले तेव्हा अनेकांची सुरुवात अशीच होती. थेट मोठ्या रुग्णालयात जा.

पायात पू, वास, काळं पडलेलं बोट, किंवा जखमेसोबत ताप असेल तर त्याच दिवशी जा. आणि तो गरम पाय. पाय सुजलेला, लाल, गरम, पण दुखत नाही किंवा अगदी थोडा दुखतो, जखमही नाही. यात आतली हाडं ढासळत असू शकतात, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्यावर चालत राहतो. डॉक्टरांनी बघेपर्यंत त्या पायावर भार टाकू नका. रिक्षेपर्यंतसुद्धा चालत जाऊ नका, कोणाला तरी ती दारात आणायला सांगा.