साहेब इकॉनॉमीत, तुम्ही बिझनेसमध्ये: अशा वेळी काय करायचं

चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत मी ट्रॅव्हल डेस्क सांभाळते. तिकीट, व्हिसा, हॉटेल, विमानतळाची गाडी, सगळं माझ्या टेबलावरून जातं. दौरा कसा झाला हे मला कुणी सांगत नाही. कोण कुठल्या सीटवर बसलं हे मात्र हमखास कळतं. हॅनोव्हरच्या प्रदर्शनाला चौघं गेले, चांगली इन्क्वायरी घेऊन आले, आणि परत आल्यावर मला पहिला फोन काय, तर "त्या सर्व्हिसच्या पोराला बिझनेस क्लास कुणी दिला?" कुणीच दिला नव्हता. एअरलाइनने दिला होता. पण तेवढ्यावरून त्या पोराचं पुढचं वर्ष जड गेलं.

म्हणून साहेबांबरोबर पहिल्यांदाच दौऱ्यावर निघणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. साहेबांनी वाचलं तरी हरकत नाही, त्यांच्यासाठीही खाली थोडं आहे.

अपग्रेड येतं कुठून

अपग्रेड म्हणजे इकॉनॉमीच्या तिकिटावर पुढच्या बिझनेस क्लासची सीट. कंपनीने मंजूर केलेलं अपग्रेड सगळ्यात बिनघोर. मेलवर मंजुरी असते, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. दुसरं मैलांचं, म्हणजे विमानप्रवास केला की एअरलाइन आपल्या खात्यात जमा करते त्या पॉइंटांचं. आपल्या खात्यातले मैल खर्चून पुढची सीट घेता येते, पण अगदी स्वस्त भाड्याच्या तिकिटावर बऱ्याच एअरलाइन्स ते करू देत नाहीत, आणि आम्ही काढतो ते तिकीट बहुधा तसंच असतं. तेव्हा मैल वापरायचे असतील तर तिकीट निघायच्या आधी मला सांगा, निघाल्यावर नाही. तिसरं बोलीचं. प्रवासाच्या काही दिवस आधी मेल येतो, रक्कम तुम्ही टाकायची. जागा उरली आणि बोली लागली तर पैसे कार्डावरून जातात, नाहीतर नाही.

चौथं फुकटचं, आणि रुसवेफुगवे सगळे याच्यावरून. काही लोक येतच नाहीत हे धरून विमान कंपन्या इकॉनॉमीची तिकिटं जागांपेक्षा जास्त विकतात. एखाद्या रात्री सगळेच हजर झाले की काहींना पुढच्या केबिनमधल्या रिकाम्या जागांवर सरकवावं लागतं. कुणाला, ते ठरवताना बहुतेक ठिकाणी आधी फ्रीक्वेंट फ्लायरचं, म्हणजे वारंवार उडणाऱ्यांना एअरलाइन देते ते कार्ड बघतात, मग भाडं. तुमचं पद त्या कॉम्प्युटरला माहीत नसतं. आमच्याकडे मशीन कमिशनिंगला, म्हणजे मशीन बसवून चालू करून द्यायला, वारंवार जर्मनीला जाणाऱ्या सर्व्हिस इंजिनिअरचं कार्ड डायरेक्टरांपेक्षा वरचं आहे. डायरेक्टर कधीतरी जातात, तेही दर वेळी वेगळ्या एअरलाइनने. तेव्हा फुकटची सीट इंजिनिअरला मिळाली तर त्यात त्याची ना चूक, ना हुशारी.

मैल कुणाचे, हाही प्रश्न येतो. आमच्यासारख्या खाजगी कंपन्यांत ते सहसा प्रवास करणाऱ्याच्याच खात्यात राहतात, तरी पॉलिसीतली ती ओळ वाचून ठेवा. सरकारी खात्यात हिशेब वेगळा: केंद्र सरकारच्या नियमाने बिझनेस क्लास पे लेव्हल (पगाराची पायरी) १४ पासून वर, आणि सरकारी प्रवासात जमलेले मैल सरकारी प्रवासालाच वापरायचे. जर्मनीत तर २००२ साली ग्रेगोर गीझी यांनी बर्लिन राज्याच्या सरकारातलं मंत्रिपद सोडलं, कारण खासदार म्हणून कामाच्या प्रवासात मिळवलेले मैल त्यांनी खाजगी प्रवासाला वापरले होते. तिकडच्या गिऱ्हाइकासमोर "मैलांवर फुकट फिरतो" अशी फुशारकी मारण्याआधी हे आठवा.

सांगायचं कधी

मैल किंवा बोली, म्हणजे आपणहून केलेलं अपग्रेड असेल, तर विमानतळावर पोहोचायच्या आधी सांगा. मुंबईहून युरोपची विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतरची, त्यामुळे गाडी संध्याकाळीच निघते. एक्स्प्रेसवेवरचा उर्सेचा टोल गेल्यावर लगेच विषय काढू नका, साहेबांचे फोन चालू असतात. फूड मॉलला गाडी थांबते, चहा हातात येतो, तेव्हा एका वाक्यात सांगा: "सर, माझ्या मैलांची मुदत संपत आली होती, जाताना ते वापरून पुढची सीट घेतलीय. कंपनीला खर्च नाही." झालं. त्यापुढे पाठदुखीची कहाणी जोडू नका. माफी मागितल्यासारखा सूर लागला की समोरच्याला वाटतं, काहीतरी लपवण्यासारखं आहे.

आणि एक. साहेब समोर असताना काउंटरवर "कुछ हो सकता है क्या?" विचारू नका. मिळालं तरी पंचाईत, नाही मिळालं तरी शोभा.

काउंटरवर अचानक मिळालं तर

मुंबई विमानतळाच्या टी-टूवर (टर्मिनल दोन) रात्री साडेअकराची रांग. शेजारच्या काउंटरवर साहेब बॅग उचलून वजनाला टाकतायत, आणि तुमच्या पुढ्यातली मुलगी बोर्डिंग पास सरकवत हसून सांगते, "सर, आपको अपग्रेड किया है." इथे बहुतेक जण पास घाईघाईने पासपोर्टात दडपतात. तसं करू नका. लपवलेला पास गेटवर मशीनवर ठेवावाच लागतो आणि साहेब तेव्हा मागेच उभे असतात.

बॅगा गेल्या की सरळ सांगा: "सर, इकॉनॉमी फुल्ल आहे, मला त्यांनी पुढे टाकलंय." मग एकदाच विचारा: "सकाळी प्रेझेंटेशन तुमचं आहे, तुम्ही घेता का? काउंटरवर विचारू या." एकदाच. "नको रे, तू जा," म्हणाले की "थँक यू सर" म्हणून विषय संपवा. लग्नाच्या पंगतीतला जिलबीचा आग्रह इथे चालवू नका. तीनदा विचारलंत तर चौथ्यांदा ते हो म्हणतील आणि नंतर दोघांनाही ते बोचत राहील.

विचारायलाच हवं का? माझं मत: प्रत्येक वेळी नाही. साहेबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वय झालंय, किंवा उतरल्या उतरल्या त्यांनाच बोलायचंय, तर विचारा. साहेब तुमच्याच वयाचे आणि धडधाकट असतील तर नुसतं सांगणं पुरे. ज्याच्या नावावर सीट आली त्याने बसावं. बरोबर गरोदर सहकारी असेल तर साहेबांच्या आधी तिला विचारा, यात मला तरी दुमत दिसत नाही.

अदलाबदल करायची तर ती काउंटरवर किंवा फार तर गेटवर, आणि ते मानतील याची खात्री नाही, कारण सीट तुमच्या नावाने आणि कार्डामुळे दिलेली असते. विमानात शिरल्यावर परस्पर जागा बदलू नका. केबिन क्रू हटकतात, आणि सगळ्या रांगांसमोर साहेबांना उठून मागे जावं लागणं यापेक्षा वाईट काही नाही.

सीटपेक्षा लाउंज कामाचा

हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या ग्रुपचं गोल्ड कार्ड असेल तर इकॉनॉमीचं तिकीट असलं तरी लाउंजमध्ये जाता येतं, आणि त्याच ग्रुपच्या विमानाने जाणारा एक पाहुणा सोबत नेता येतो. एअर इंडिया, लुफ्तान्सा दोन्ही त्याच ग्रुपमधल्या. सीट देऊन टाकण्यापेक्षा "सर, चला, माझ्या कार्डावर दोघं जाऊ," हे कितीतरी सहज होतं. साहेबांना गरम जेवण मिळतं, तुम्हाला त्यांच्याबरोबर निवांत अर्धा तास, आणि कुणी कुणावर उपकार केलेत असं वाटत नाही.

साहेब दोन असतील तर? पाहुणा एकच चालतो. मोठ्या साहेबांना नेऊन धाकट्यांना बाहेर ठेवण्यापेक्षा लाउंजचं नावच काढू नका, तिघं मिळून बाहेर कॉफी घ्या. आमच्याकडे एकाने दोघांना आत पाठवून स्वतः बाहेर थांबायचं ठरवलं. कार्डधारकच बाहेर, म्हणून दारावरच्या माणसाने कुणालाच सोडलं नाही.

विमानात

बिझनेसवाल्यांना आधी आत सोडतात. तुम्ही पाय पसरून, हातात ज्यूसचा ग्लास घेऊन बसलेले, आणि शेजारून लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवून साहेब मागे चाललेत. सगळा अवघडलेपणा या दहा सेकंदांत आहे, आणि तो टाळता येतो. आधी आत जायचा हक्क असतो, सक्ती नसते. साहेबांच्या ग्रुपबरोबरच चढा, दारापर्यंत बोलत जा, आणि आपल्या रांगेशी थांबा.

मधे उठून "सर, सगळं ठीक ना?" विचारायला मागे जाऊ नका. चॉकलेटं, चपला, टॉयलेटरीचं पाऊच पाठवू नका. आडव्या होणाऱ्या सीटचा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकू नका. तो तुमच्या डिपार्टमेंटमध्ये तुमच्या आधी पोहोचतो. झोपा. सकाळी ताजेतवाने दिसलात तर त्या सीटचं कुणाला काही वाटत नाही.

उतरताना तुम्ही आधी बाहेर पडाल. एरोब्रिजच्या टोकाला थांबा, इमिग्रेशनला एकत्र जा. तुमच्या बॅगेला प्रायॉरिटीचा टॅग असेल तर ती आधी येईल. ट्रॉली दोन घ्या.

आता साहेब लोकांसाठी

"तुम्ही तरुण, तुमच्या पाठीला काय होतंय?" हा विनोद नसतो, ती मागणी असते, आणि समोरच्याला ते कळतं. सीट हवीच असेल तर सरळ मागा. नको असेल तर पहिल्याच वाक्यात नको म्हणा आणि पुढे दिवसभर "आमचे बिझनेसवाले" म्हणून गिऱ्हाइकासमोर टोमणे मारू नका. अपग्रेड तुम्हाला मिळालं असेल, तर बरोबरच्याला रात्रभर बसून पीपीटी दुरुस्त करायला सांगून तुम्ही पुढे झोपू नका.

गिऱ्हाईक त्याच विमानात असेल तर आपली सीट त्याला देऊ करणं आपल्याला आदरातिथ्य वाटतं. मोठ्या वाहन कंपन्यांच्या परचेसवाल्यांना मात्र सप्लायरकडून भेटी घेण्यावर कडक बंधनं असतात, आणि नऊ तासांची बिझनेसची सीट त्यात बसू शकते. हात जोडून नमस्कार करा, सीट आपल्याकडेच ठेवा.

परत आल्यावर

क्लेम भरताना बोलीचे किंवा वरचे पैसे त्यात घालू नका, स्वतःच्या कार्डाने दिले असले तरी मला कळवा. इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के, बिझनेसवर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. तिकीट कंपनीच्या जीएसटी नंबरावर असेल तर वरच्या रकमेचं इन्व्हॉइसही त्याच नंबरावर येऊ शकतं, आणि मग अकाउंट्सवाले माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. फुकटचं अपग्रेड असेल तर ऑडिटरला तिकीट इकॉनॉमीचं आणि बोर्डिंग पास बिझनेसचा दिसतो. पासाच्या मागे पेनाने लिहा, "एअरलाइनने केलेलं अपग्रेड, कंपनीला खर्च नाही," खाली तारीख आणि सही. एअरलाइनचा मेल असेल तर त्याची प्रिंट जोडा. पास मोबाइलवर असेल तर स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, नंतर तो अॅपमधून गायब होतो.