बीए-बीकॉमच्या मुलांचं डीएनए प्रॅक्टिकल: माझी तयारी

पुढच्या शनिवार-रविवारी फोंड्याला बीए-बीकॉमच्या २४ मुलांचं मॉलेक्युलर बायॉलॉजीचं प्रॅक्टिकल घेतेय, तुम्ही कोणी घेणार असाल तर ही तयारी उपयोगी पडेल. सगळ्यात आधी पिपेट्स, म्हणजे अगदी थोडं द्रव मोजून ओढायच्या बटणाच्या नळ्या, आणि पहिली अख्खी सकाळ फक्त त्यांच्यासाठीच ठेवायची, कारण हात बसला नाही तर पुढचं सगळंच फसतं. बटणाला दोन टप्पे असतात, ओढताना पहिल्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत, पण नवखा अंगठा थेट तळ गाठतो आणि टिपमध्ये जास्तीचं पाणी येतं. म्हणून डिजिटल वजनकाटा हवाच हवा. १००० मायक्रोलिटर पाणी म्हणजे १ ग्रॅम. मागच्या वेळी एका बीकॉमच्या मुलीला काट्यावर १.१४ दिसलं, मला काही बोलावंच लागलं नाही, तिने आपणहून ओतून परत ओढलं, पाच वेळा, १.०० येईपर्यंत.

मग केळ्यातून डीएनए काढायचा, त्याला केळी चांगली पिकलेली, मीठ, भांड्यांचं लिक्विड, गाळायला मलमल, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल आदल्या रात्रीच फ्रीझरमध्ये. फेणी चालेल का असं आपल्याकडे कोणीतरी विचारतंच, चांगला प्रश्न आहे, पण नाही चालत, तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि पाण्यात डीएनए विरघळलेलाच राहतो. अल्कोहोल ट्यूबच्या कडेने अगदी सावकाश सोडायचं, मग पांढरे धागे वर येतात ते काडीवर गुंडाळायचे. त्यात आरएनए आणि प्रोटीनपण असतं हे मुलांना खरं खरं सांगा.

त्यानंतर जेल, म्हणजे वीज सोडून ज्यातून डीएनए पळवतात ती जेलीसारखी वडी. तिला ५० मिली टीएई बफरमध्ये (वीज वाहून नेणारं क्षारांचं पाणी) ०.५ ग्रॅम अगरोज (समुद्री शेवाळापासूनची पूड), मायक्रोवेव्हमध्ये उतू जातं म्हणून समोरून हलू नका. एथिडियम ब्रोमाइड, म्हणजे जेलमधला डीएनए दिसावा म्हणून घालतात ते रसायन, अजिबात नको, ते डीएनएमध्येच घुसून बसतं, नवख्या हातात कशाला द्यायचं? डीएनएऐवजी खायचे रंग ग्लिसरीनमध्ये मिसळून जेलमधल्या खड्ड्यांत भरायचे म्हणजे ते खाली बसतात. खड्डे काळ्या (निगेटिव्ह) वायरच्या बाजूला, कारण हे रंग डीएनएसारखेच निगेटिव्ह, लाल (पॉझिटिव्ह) वायरकडे पळतात. पावसात लाईटचा भरवसा नाही, इन्व्हर्टरवरचा प्लग आधीच बघून ठेवा.

पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची पद्धत, तिचं मशीन आपल्याकडे नाही, तो फळ्यावर. दर सायकलला दुप्पट, ३० सायकलनंतर एकाचे १०७ कोटींच्या वर, चक्रवाढ व्याज शिकलेली मुलं हे कॅल्क्युलेटरवर आपणच काढतात, काढू द्या.

आणि झाकणाच्या छोट्या ट्यूब्स २४ जास्तीच्या घ्या, प्रत्येकाला आपला धागा घरी दाखवायचा असतो, थोडं अल्कोहोल घालून, वर लेबल लावून द्यायचं.