‘उत्पन्न : निरंक’

बायको अपघातात गेली. भरपाईच्या दाव्याच्या अर्जात वकिलांनी तिच्या उत्पन्नापुढे ‘निरंक’ लिहिलेलं. मी सही थांबवली.

विमा कंपनी तिच्या घरकामाचे महिना ३,००० च धरत होती. २००१ च्या एका निकालातला आकडा, तोही १९८९ च्या दुर्घटनेसाठीचा! मग मी प्रतिज्ञापत्रावर तिचा दिवस लिहून काढला: साडेचारचं पाणी भरणं, चार डबे, मुलांचा अभ्यास, शिवण, गिरणी, बँक. लिहिताना कळलं, गॅस सिलिंडर कधी लावायचा हेसुद्धा मला माहीत नव्हतं. शेजारच्या काकूंची साक्ष आणि किमान वेतनाचं परिपत्रक जोडलं. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२१ चा निकालही दाखवला. गृहिणीच्या मानीव, म्हणजे पगार नसला तरी कामाचं मोल म्हणून धरलेल्या, उत्पन्नातही भविष्यातली वाढ धरायची, असं त्यात स्पष्ट आहे.

अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाने महिना ९,००० धरले. वय ४२, म्हणून २५ टक्के वाढ, ११,२५०. आम्ही तिघं अवलंबून, म्हणून तिच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा, ७,५००. वर्षाचे ९०,०००, त्याला वयानुसार ठरणारा गुणक १४, म्हणून भरपाई १२,६०,०००. कंपनीच्या हिशेबात वाढही नव्हती, तिथे ३,३६,००० निघत होते.

अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. ९,००० मला कमीच वाटतात. पण अपील केलं नाही.