विदर्भातल्या गावात घर घेताय? कूलर लावण्याआधी अर्थिंग तपासा

बदलीवर किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडून, कोकणातून विदर्भाच्या खेड्यात राहायला येणारे लोक पाण्याची चौकशी करतात, उन्हाची करतात, लाईन किती तास असते तेही विचारतात. अर्थिंगचं, म्हणजे यंत्राच्या बॉडीवर आलेला करंट जमिनीत सोडणाऱ्या तारेचं, मात्र कोणी विचारत नाही, कारण फ्लॅटमध्ये ती आपली जबाबदारी नव्हती. इथे आहे. डीपीवरून (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) घरी येणाऱ्या सर्व्हिस वायरमध्ये गावाकडे सहसा दोनच तारा असतात, फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी). अर्थची तार घराच्याच अंगणात खड्डा करून काढलेली असते, किंवा नसते. नसली तरी भिंतीवरच्या सॉकेटला तिसरं भोक असतंच, आणि फसगत तिथूनच सुरू होते.

घर पाहायला जाल तेव्हा मेन स्विचच्या खाली बघा. तिथून हिरवी वायर किंवा उघडी जीआयची (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) तार निघते का, आणि कुठे जाते? ती साधारण ८ गेजची, म्हणजे ४ मिमी जाडीची हवी, मध्ये कुठेही पीळ मारून जोडलेली नसावी, आणि अंगणातल्या पाइपाला नट-बोल्टने कसलेली असावी. चांगल्या कामात पाइपाच्या तोंडाशी विटांची छोटी चौकट आणि पाणी ओतायला नरसाळं दिसतं. बरेचदा दिसतं ते वेगळंच: तार खिडकीच्या गजाला गुंडाळलेली, टिनाच्या शेडच्या खांबाला बांधलेली, हातपंपाला अडकवलेली, नाहीतर दोन फुटांची सळई ठोकून तिला लावलेली. नळाच्या पाइपाला जोडलेली असेल तर दोन्हीकडून पंचाईत. पाइप पीव्हीसीचा असला तर उपयोग शून्य, लोखंडी असला तर दोष आल्यावर न्हाणीतल्या नळाला करंट.

जमिनीचा प्रश्न इथे खरोखर वेगळा आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा भागातली काळी माती ओली असेपर्यंत अर्थिंगला उत्तम. पण एप्रिल-मे महिन्यात ती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाइपाभोवतीची माती पाइपाला सोडून देते. अर्थिंगचा रोध ओहममध्ये मोजतात, जितका कमी तितका चांगला. पावसाळ्यात छान निघालेलं हे माप मे महिन्यात कित्येक पटींनी बिघडू शकतं. म्हणून तपासणी करायची ती उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आधी. बरड जमिनीत अडचण दुसरी: दोन-तीन फुटांवर मुरूम, त्याखाली खडक, तिथे अडीच मीटरचा पाइप उभा जातच नाही. वायरमन मग तो कापून अर्धाच पुरतो आणि वर सिमेंट करून टाकतो. त्यापेक्षा अंगणात माती खोल असलेला कोपरा शोधावा, किंवा जीआयची पट्टी दीड-दोन फूट खोल चरात लांब आडवी पुरावी.

खड्डा नव्याने करायचा असेल तर ४० मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, भिंतीपासून किमान दीड मीटर अंतर. जागा सावलीची, न्हाणीच्या सांडपाण्याजवळची निवडली तर ओल आपोआप टिकते. विहिरीपासून मात्र दूर. उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी नरसाळ्यातून सोडावं. मिठाने पाइप आणि क्लॅम्प गंजतात, तेव्हा दोन-तीन वर्षांनी बोल्ट उघडून घासून पुन्हा कसावा लागतो. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरलेली तयार ‘केमिकल अर्थिंग’ची दांडी महाग पडते, पण भेगाळणाऱ्या मातीत ती जास्त टिकते.

आता घरात करता येण्याजोगी तपासणी. कॅट-३, ६०० व्होल्ट असं (घरच्या वायरिंगवर वापरायला सुरक्षित असल्याची ही खूण) छापलेला मल्टिमीटर घ्या. हात कोरडे, पायात चप्पल. लाल वायर मीटरच्या व्होल्टच्या भोकातच आहे ना, हे दरवेळी बघा. ती १० अँपियरच्या भोकात राहिली आणि सॉकेटमध्ये घातली तर थेट शॉर्ट होतं. नॉब एसी व्होल्टवर, ६०० किंवा ७५० च्या रेंजला. सॉकेटचं मोठं भोक वर धरलं की समोरून उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-न्यूट्रल साधारण २३० यायला हवं, गावात कमी-जास्त होतंच. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट, आणि इस्त्री लावली की थोडं वाढतं. फेज-अर्थ ६०-९० असं अधांतरी आलं तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे. न्यूट्रल-अर्थ ३०-४० व्होल्टवर अडून बसलं तर दोष बहुधा घराबाहेर, न्यूट्रल किंवा डीपीच्या अर्थिंगमध्ये आहे, लाइनमनला कळवा.

इस्त्री चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ शून्यच राहिलं तर खूश होऊ नका. बहुधा कोणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तुकडा मारलेला असतो. इथे हा प्रकार सर्रास आहे, आणि आमच्या मते अर्थिंग अजिबात नसण्यापेक्षा वाईट. वाऱ्या-वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला, किंवा जुन्या बोर्डावरचा न्यूट्रलचा किटकॅट (चिनी मातीचा, तार भरायचा) फ्यूज उडाला, की चालू बल्बमधून येणारा फेज त्या तुकड्यावरून फ्रिजच्या, कूलरच्या, मोटरच्या बॉडीवर पोहोचतो. खात्री करायला दोन्ही तारा तोडणारा मेन बंद करा, सगळे प्लग काढा, व्होल्ट शून्य असल्याचं बघा, मग मीटर ओहमवर घेऊन त्याच सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा. एक-दोन ओहम आले तर तुकडा आहे. मेन तसाच बंद ठेवून प्रत्येक सॉकेटच्या अर्थपिनपासून बोर्डाच्या अर्थ टर्मिनलपर्यंतही मोजून घ्या. लांब वायरचा स्वतःचा रोध वजा करून एक ओहमच्या आत यायला हवा.

एवढं सगळं बरोबर आलं तरी खड्डा चांगला आहे हे सिद्ध होत नाही. मल्टिमीटर इतका कमी करंट घेतो की वाळलेल्या सळईवरसुद्धा तो २३० दाखवेल. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब पेटवून ‘बघा, फुल पेटला’ म्हणणारे वायरमन भेटतील. त्या बल्बचा रोध ५३० ओहमच्या आसपास असतो. अर्थिंग ५ ओहमची असो की ५०, डोळ्यांना उजेड सारखाच दिसणार. आणि अर्थिंग ५०० ओहमची निघाली तर चाचणी चालू असताना घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या बॉडीवर शंभराच्या वर व्होल्ट चढतात. ही चाचणी तुम्ही करू नका. खरं माप अर्थ टेस्टरनेच निघतं. मेन बंद करून खड्ड्याची तार सोडवायची, एका रेषेत २५-३० मीटरवर एक खिळा, त्याच्या साधारण ६२ टक्के अंतरावर दुसरा. मधला खिळा दोन मीटर पुढे-मागे करून तिन्ही मापं जवळपास सारखी आली तरच आकडा खरा. परवानाधारक ठेकेदाराकडे हे यंत्र असतं. तार परत जोडल्याशिवाय मेन चालू करू द्यायचा नाही.

समजा माप २० ओहम आलं, डीपीचं अर्थिंग ५ ओहम. कूलरच्या मोटरचा फेज बॉडीला लागला तर वाहतात २३० भागिले २५, म्हणजे ९ अँपियर. १६ अँपियरची एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडून लाईन तोडणारा स्विच) याने पडतच नाही, आणि बॉडीवर १८४ व्होल्ट तसेच बसून राहतात. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरी माणूस जाऊ शकतो. या भागात ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (करंटची गळती ओळखून पडणारा स्विच) आम्ही घराची पहिली खरेदी मानतो. ३० मिलीअँपियर गळती झाली की ती ०.३ सेकंदाच्या आत दोन्ही तारा तोडते. बॉडीवर ५० व्होल्टच्या वर जायला नको, हा हिशेब धरला तर १६०० ओहमच्या अर्थिंगवरही ती पडते. प्रत्यक्षात १०० च्या आत ठेवा. घ्यायची ती दोन पोलची, २५ किंवा ४० अँपियरची. १०० किंवा ३०० मिलीअँपियरची माणसासाठी नव्हे. ओव्हरलोड ती ओळखत नाही, त्यामुळे एमसीबी वेगळी लागतेच. महिन्याला टेस्टचं बटन दाबा, पण त्याने फक्त यंत्र जिवंत असल्याचं कळतं. अर्थिंग मुळीच नसली तरी बटनाने ती पडते. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या आउटपुटवर वेगळी आरसीसीबी हवी का, हे लावतानाच ठरवून घ्या. लाईन गेल्यावर मेनकडची आरसीसीबी त्या वायरिंगला सांभाळत नाही.

होळी झाली की कूलर निघतात, आणि करंटचे बरेच अपघात त्यांच्याभोवती होतात. लोखंडी बॉडी, पाण्यात बुडालेला पंप, वर्षभर उंदरांनी कुरतडलेली वायर आणि दोन पिनचा प्लग. तीन कोअरची वायर आणि तीन पिनचा प्लग लावा. अर्थचा स्क्रू बसतो तिथला रंग खरवडून लग आणि दातेरी वॉशरने कसा, नाहीतर रंगावरच स्क्रू बसतो. प्लग काढून अर्थपिन ते बॉडी मोजा, एक ओहमच्या आत हवं. पंपाच्या वायरचा जोड पाण्याच्या पातळीच्या वर, डब्यात. पाणी भरताना प्लग ओढूनच भरा. एकट्या बटनाने भागत नाही, कारण ते चुकून न्यूट्रलवर असू शकतं.

कूलर झिणझिण्या देत असेल तर शेजारी सांगतील, ‘पिन उलटी करून लावा’. झिणझिण्या खरंच थांबतात. गळती फेजच्या टोकाला होती, ती आता न्यूट्रलच्या टोकाला गेली, एवढंच झालेलं असतं. इन्सुलेशन तसंच फाटलेलं, आणि पुढच्या वेळी कोणी पिन सुलटी लावली की खेळ पुन्हा सुरू. लाकडी पाटावर ठेवल्यानेही भागत नाही. बॉडी जमिनीपासून तुटते, मग दोष लपून राहतो आणि पहिला हात लावणाऱ्याची वाट बघतो. असा कूलर बंद करून मिस्त्रीला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावायला सांगा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर किंवा पंप बदला.

कपडे वाळत घालायला तार नको, नायलॉनची दोरी बांधा, विशेषतः टिनाच्या घरात, जिथे सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला घासते. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, डीपीजवळ जायचं नाही. घरातले सगळे बल्ब अचानक फार प्रखर किंवा फार मंद झाले तर बाहेरचा न्यूट्रल तुटला समजा, मेन पाडा आणि १९१२ ला फोन करा.